भिंतीपलीकडचा पेढा

तनुजाबाई गायकवाडांनी आयुष्यात एकदाच भिंती बांधल्या, आणि त्याही टीव्हीच्या पडद्यावर. पण त्या भिंतींवर जेवढ्या हरकती आल्या आणि जेवढे ठराव झाले, तेवढे कर्वेनगरातल्या एखाद्या बारा मजली इमारतीच्याही वाट्याला आले नसतील. इमारतीचं एक बरं असतं. ती उभी राहिली की लोक निदान गप्प बसतात.

प्रकरण सुरू झालं ते ट्रेडमिलवरून. त्यांच्या नवऱ्याच्या, राकेशरावांच्या, धाकट्या भावाने नवं घर घेतलं, त्यात त्याची ट्रेडमिल मावेना, आणि अशा वेळी धाकट्या भावांना थोरल्या भावाच्या तब्येतीची जशी काळजी वाटू लागते तशी ती त्याला वाटू लागली. "दादा, तू घेऊन जा," असं तो म्हणाला. राकेशरावांचं आजवरचं चालणं जेवणाच्या टेबलापासून सोफ्यापर्यंतचं. पण फुकट मिळणाऱ्या आरोग्याला नाही म्हणणारा माणूस अजून जन्मायचा आहे. त्यांनी हॉलमधला खिडकीजवळचा कोपरा नजरेने मोजला. त्या कोपऱ्यात शिवणयंत्र होतं. ते माळ्यावर जाणार, म्हणून माळ्यावर जागा करायची, म्हणून माळा आवरायचा, आणि माळा आवरायला अर्थातच तनुजाबाई.

माळ्यावर जुन्या चादरीत गुंडाळलेला त्यांचा माहेरचा कॉम्प्युटर निघाला.

आजच्या पोरांना तो कॉम्प्युटर वाटणार नाही. काळा, चपटा, शाळेच्या पाटीएवढा. वर रबरी बटणं आणि आतच सगळं डोकं. त्याला टीव्ही जोडायचा आणि शेजारी टेपरेकॉर्डर ठेवायचा, कारण त्यातले खेळ कॅसेटवर असत. खेळ एकच शिल्लक होता. त्याचं खरं इंग्रजी नाव कॅसेटवरून कधीच पुसलं गेलं होतं. घरात त्याला 'उंदीर' म्हणत. वाकड्यातिकड्या बोळांतून एक पांढरा उंदीर पळायचा, मागे मांजर लागायचं, वाटेत ढकलायचे धोंडे असायचे आणि जागोजागी चीजचे तुकडे. चीज त्या घरात तेव्हा कोणी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे त्यांना पेढे म्हणायची पद्धत पडली. सगळे पेढे खाल्ले की फाटक उघडायचं आणि लेव्हल सुटायची.

खरी गंमत पुढे होती. खेळणाऱ्याला स्वतःच्या लेव्हल बनवता येत. भिंती आपण घालायच्या, धोंडे आपण मांडायचे, मांजर आपण सोडायचं. पण गायकवाडांच्या घरात येण्याआधी, म्हणजे माहेरी, हा अधिकार थोरल्या भावाचा होता. साईनाथदादा लेव्हल बनवायचा आणि तनू सोडवायची. एकदा तिने "आज मी बनवते" म्हटल्यावर तो म्हणाला होता, "तुला सुटायचं कळतं गं, अडवायचं कळत नाही." संसारात पडल्यावर तनुजाबाईंनी दूधवाल्यापासून विमा एजंटापर्यंत कितीतरी माणसं दारातच अडवली; पण ते वाक्य, जे राकेशरावांनीही त्यांच्या तोंडून कितीदा तरी ऐकलं होतं, मात्र आत कुठेतरी तसंच बसून होतं, कोपऱ्यात ढकलल्या गेलेल्या धोंड्यासारखं.

त्यांनी चादर झटकली, शिवणयंत्र माळ्यावर चढवलं, आणि राकेशराव ऑफिसातून यायच्या आत खिडकीच्या कोपऱ्यात टेबल मांडून त्यावर तो कॉम्प्युटर ठेवला.

"हे काय?" राकेशराव म्हणाले.

"कॉम्प्युटर."

"आणि ट्रेडमिल?"

"ती आली की बघू."

जोडाजोड करायला वायर लागली. बुधवार पेठेतल्या दुकानदाराने कॉम्प्युटरकडे बघितलं, तनुजाबाईंकडे बघितलं, आणि विचारलं, "बाई, ह्याला वायर हवीय की दर्शनाला आणलाय?" पण वायर होती. पुण्यात अपमान झाल्याशिवाय वस्तू मिळत नाही, आणि अपमान झाला की समजायचं, वस्तू आहे.

घरी आल्यावर टेप लावली. कॅसेटवरून खेळ आत जाताना जो आवाज येतो त्याचं वर्णन करणं अवघड आहे. मांजराच्या शेपटीवर कपाट ठेवावं आणि मग ते कपाट ओढावं, साधारण तसा. हा आवाज बराच वेळ चालतो, आणि तेवढ्या वेळात विजेने जराही डोळा मिचकावता कामा नये. विजेने मिचकावला. पडदा पांढरा झाला. पुन्हा लावली, पुन्हा पांढरा. राकेशरावांनी मिक्सर बंद ठेवला, फ्रिज बंद ठेवला. कॉलेजातली लेक ऋतुजा "आई, धिस इज सो रँडम" म्हणत वायफायसुद्धा बंद करायला तयार झाली. शेवटी तनुजाबाईंच्या लक्षात आलं, की खाली सोसायटीचा पाण्याचा पंप सुरू झाला की विजेचा दाब पडतो आणि उंदीर जन्माला यायच्या आतच मरतो.

पंपाची वेळ फक्त एका माणसाला ठाऊक होती. 'मधुगंध' सहकारी गृहरचना संस्थेचे सचिव विश्वजीत मोडक.

मोडकसाहेब सरकारी नोकरीतून निवृत्त झाले होते, पण सरकारी नोकरी त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. खडकवासल्याचं पाणी टाकीत पडतं ते आपल्या सहीने, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. रोज संध्याकाळी ते हातात टॉर्च घेऊन मागच्या अंगाला पंपघराची पाहणी करायला जात आणि बऱ्याच वेळाने रुमालाने मिशा पुसत परत येत. "ह्यांच्यावाचून पंपसुद्धा चालत नाही," असं मोडककाकू कौतुकाने सांगत. काकू त्यांना फार जपत. मोडकसाहेबांना साखर निघाल्यापासून काकूंनी घरातून गोडाची वाटी तर सोडाच, गोड बोलणंसुद्धा कमी केलं होतं.

"पंपाची वेळ बदलायची? कारण?" मोडकसाहेबांनी विचारलं.

तनुजाबाईंनी कारण सांगितलं.

"उंदीर," मोडकसाहेब म्हणाले. हा शब्द त्यांनी शांतपणे उच्चारला आणि तो हवेत थोडा वेळ तसाच लटकू दिला. "अर्ज करा."

अर्ज केला. अर्जात 'उंदीर' ऐवजी 'संगणकीय करमणूक' लिहा, असं सांगून तो परत आला. पुन्हा केला. आणि मग एक अद्भुत गोष्ट घडली. सोसायटीचा वर्धापनदिन जवळ आला होता आणि मागच्या वर्षीच्या संगीत खुर्चीत दोन ज्येष्ठ सभासद एकाच खुर्चीवर बसून तिच्यासकट खाली आल्यामुळे तो कार्यक्रम कायमचा बाद झाला होता. मोडकसाहेबांना नवा कार्यक्रम हवा होता. फुकटातला, बसून करण्याचा, आणि कोणाचं हाड न मोडणारा.

"तुमची ती करमणूक," ते म्हणाले, "सर्व वयोगटांना चालेल?"

तनुजाबाईंच्या तोंडून नकळत निघून गेलं, "मी नवीन लेव्हल बनवते. आपल्या सोसायटीचीच."

"पातळी म्हणा," मोडकसाहेब म्हणाले.

घरी राकेशरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि अत्यंत न्यायबुद्धीने निकाल दिला. "वर्धापनदिनापर्यंत राहू दे. लोकांना आवडलं, कोणी तुझी लेव्हल सोडवून दाखवली, तर कोपरा तुझा. नाहीतर ट्रेडमिल."

"आणि सोडवता आली नाही म्हणजे ती अवघड, असं नाही का?"

"सोडवता आली नाही म्हणजे ती चुकीची," राकेशराव म्हणाले. नवऱ्यांना कधी कधी अगदी भावांसारखं बोलता येतं.

दुसऱ्या दिवसापासून तनुजाबाई चौकटीचा कागद आणि पेन्सिल घेऊन सोसायटीच्या आवारात फिरू लागल्या. दोन इमारती, मधलं पार्किंग, पुढचं फाटक, तात्यारावांचा आंबा, मागचं पंपघर. पावलं टाकून अंतर मोजायचं, कागदावर भिंत ओढायची. त्यांना हे काम इतकं आवडलं की स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून जाऊ लागल्या.

पण पुण्यात हल्ली जुन्या सोसायटीच्या आवारात कोणी कागद-पेन्सिल घेऊन पावलं टाकली, तर बघणाऱ्याच्या मनात एकच विचार येतो.

"रीडेव्हलपमेंट," पहिल्या मजल्यावरच्या शेफाली करंदीकर कुजबुजल्या. "गायकवाड बाईंचा बिल्डरशी काहीतरी संबंध दिसतोय."

संध्याकाळपर्यंत ही बातमी दोन्ही इमारतींत चहाबरोबर पोहोचली. तनुजाबाईंशी वर्षानुवर्षं फक्त कचऱ्याच्या डब्यावरून बोलणारी माणसं दारात हसत उभी राहू लागली. कोणी ढोकळा आणला. करंदीकर बाईंना बाल्कनी हवी होती. तिसऱ्या मजल्यावरच्या चेतनला, जो आयटीत होता आणि ज्याची गाडी पार्किंगमध्ये तिच्यासाठी आखलेल्या चौकोनापेक्षा बरीच मोठी होती, दोन गाड्यांची जागा हवी होती. सोसायटी उभी राहायच्या आधी ही जमीन ज्यांची होती ते तळमजल्यावरचे तात्याराव तर थेट म्हणाले, "बाय, ह्या समद्या जागेत आमची जवारी हुती. ती गेली. आंबा तेवढा हाय. त्याला हात लावू नका."

"तात्या, हा खेळ आहे. उंदराचा."

"बिल्डर बी तसंच म्हनत हुता," तात्याराव म्हणाले.

तनुजाबाई सांगून सांगून थकल्या. शेवटी मोडकसाहेबांनी खुलाशासाठी पार्किंगमध्ये सभा बोलावली. लोकांना हा खरोखरच खेळ आहे हे पटलं, पण त्यामुळे त्यांच्या मागण्या कमी झाल्या, असं मात्र नाही. रीडेव्हलपमेंट नाही तर नाही. निदान पडद्यावर तरी आपल्यावर अन्याय होता कामा नये.

"मांजर आमच्याच दारात का उभं आहे?" करंदीकर बाईंनी नकाशावर बोट ठेवून विचारलं.

"कुठेतरी उभं राहायलाच हवं ना."

"मग चेतनच्या दारात राहू दे. त्याला ॲलर्जी नाहीये."

"वन मिनिट," चेतन कागदावर वाकून म्हणाला. "माझी कार कुठंय? पार्किंगमध्ये तर नुसते धोंडे आहेत."

"त्यातला सगळ्यात मोठा," तनुजाबाई म्हणाल्या. "ती ढकलल्याशिवाय कोणालाच पुढे जाता येत नाही, म्हणून."

सभेत हशा पिकला आणि चेतनने आपला धोंडा काढून टाकण्याची लेखी मागणी केली. ती मंजूर झाली. मांजर करंदीकरांच्या दारातून हलवून पाण्याच्या टाकीखाली बसवण्यात आलं. कोणीतरी म्हणालं की उंदीर दक्षिणेकडून आत येतो, हे वास्तूला धरून नाही. उंदीर पूर्वेला गेला. कोणाच्या खिडकीसमोर बोळ नको होता, कोणाला आपल्या दारापुढे पेढा हवा होता. आंब्याखाली पेढा ठेवल्यावर तात्याराव गहिवरले आणि म्हणाले, "दोन ठिवा." एकेक भिंत जात होती, एकेक वळण सरळ होत होतं. रात्रंदिवस जपून गुंतवलेल्या त्या चक्रव्यूहाचं तनुजाबाईंच्या डोळ्यांदेखत टेनिस कोर्ट होत चाललं होतं.

त्यांना फक्त एका गोष्टीचा आधार होता. शेवटचा पेढा.

मधुगंधच्या मागच्या भिंतीला, पंपघराच्या आडोशाला, एक भगदाड होतं. माणूस जरा तिरका झाला की बाहेर पडता यायचं. बाहेर मागची गल्ली, बसथांबा, आणि संध्याकाळी गरम जिलबीची कढई. पुढच्या फाटकातून तिथे जायचं तर मोठा वळसा पडायचा. तनुजाबाईंनी शेवटचा पेढा नेमका त्या कढईच्या जागी, भिंतीपलीकडे ठेवला होता. आत कितीही सरळ करा, शेवटी उंदराला ते भगदाड सापडलं तरच लेव्हल सुटणार. ती खरी त्यांची कमाई होती.

मोडकसाहेबांनी कागद वर धरला. चष्मा खाली केला. "हे काय?"

"भगदाड."

"संस्थेच्या भिंतीला भगदाड नाही."

ज्या माणसांनी त्याच दिवशी सकाळी त्या भगदाडातून बस पकडली होती, ती माणसं आंब्याच्या शेंड्याकडे बघू लागली.

"पण आहे ना, मोडकसाहेब."

"ते बंद करण्याचा ठराव मागच्या वर्षी झाला आहे. ठराव झाला म्हणजे ते बंद आहे. गवंडी आला नाही, हा गवंड्याचा प्रश्न." त्यांनी पेन काढलं आणि भगदाडावर ठसठशीत भिंत ओढली. "सर्वानुमते मंजूर?"

सर्वानुमते मंजूर झालं. नको म्हणायचं तर आपण ते वापरतो, हे कबूल करावं लागलं असतं.

"मग तो शेवटचा पेढा उंदराने खायचा कसा?" तनुजाबाईंनी विचारलं.

"तो तुमचा प्रश्न," मोडकसाहेब म्हणाले. "भिंत संस्थेची."

त्या संध्याकाळी तनुजाबाई कॉम्प्युटरपुढे नुसत्याच बसून राहिल्या. पेढा आत आणला असता तर सगळं सुरळीत झालं असतं. पण मग लेव्हल कसली, ती तर सकाळची शतपावली. आणि पेढा बाहेरच ठेवला तर कोणाचा बापही सोडवू शकत नव्हता. राकेशराव मागे उभे राहून, सहज म्हणून, भावाला फोनवर ट्रेडमिलची लांबी-रुंदी विचारत होते.

बोटं चाळा म्हणून भिंतींचे प्रकार चाळत होती. विटांची भिंत, दगडाची भिंत. आणि शेवटी ती एक, जिचा लहानपणी त्यांना भयंकर राग यायचा. साईनाथदादा तिला भुताची भिंत म्हणायचा. दिसायला अगदी विटांची, कुठेही फरक नाही. पण उंदीर सरळ चालत गेला तर आरपार. तनूचे कितीतरी उंदीर त्या भिंतीवर विश्वास ठेवून मेले होते. ही लबाडी आहे, असं तिने तेव्हा रडून सांगितलं होतं.

आणि आता त्या एकदम खुर्चीत सरळ झाल्या. कागदावर बंद, चालायला उघडी. ही कुठली लबाडी? ही तर मधुगंधची मागची भिंत! ठरावात जशी होती तशी, आणि प्रत्यक्षात जशी होती तशीही. त्यांनी मोडकसाहेबांनी ओढलेल्या रेषेवर, अगदी काटेकोरपणे, एक भुताची वीट बसवली, आणि लेव्हल टेपवर उतरवताना त्या मंजूर नकाशाला मनोमन नमस्कार केला.

वर्धापनदिनाचा रविवार उजाडला. पार्किंगमध्ये मिसळीचं पातेलं, खुर्च्यांच्या रांगा, आणि समोर गायकवाडांचा टीव्ही. पंप बंद. मोडकसाहेबांनी स्वतः कुलूप लावून किल्ली खिशात ठेवली होती. सुरुवात मात्र थोडी जोरात झाली. टेपरेकॉर्डरची वायर कोणीतरी उत्साहाने गाण्यांच्या स्पीकरला जोडली होती, त्यामुळे खेळ आत जातानाचा तो आवाज अख्ख्या गल्लीने ऐकला. तात्यारावांनी झोपेतून उठून विचारलं, "कुनाची गाडी घासली?" आणि चेतन आपली गाडी बघायला धावला.

पण उंदीर आला. आपल्याच सोसायटीत, आपल्याच आंब्याखालून, ठोकळ्याएवढा पांढरा उंदीर दुडकत निघालेला बघून लोकांना जो आनंद झाला, तो पाहून तनुजाबाईंच्या डोळ्यांत पाणी तरळलं. "अरे, हा आपला जिना!" "ही टाकी बघ!" करंदीकर बाईंनी आपल्या दारापुढचा पेढा खाल्ला आणि टाळ्या घेतल्या. ऋतुजाने "ग्राफिक्स क्यूट आहेत" असं म्हणून तीनदा नंबर लावला. तात्यारावांनी आंब्याखालचे दोन्ही पेढे खाल्ले आणि तिथेच थांबले. मांजर आलं तरी हलले नाहीत. "आपल्या झाडाखालनं कुठं जायाचं?" असं ते म्हणाले आणि समाधानाने मेले.

मग हळूहळू सगळे शेवटच्या पेढ्यावर येऊन अडकू लागले. पेढा समोर दिसत होता, भिंतीपलीकडे, लुकलुकत. रस्ता नव्हता.

आणि तेव्हा तनुजाबाईंच्या लक्षात एक चमत्कारिक गोष्ट आली. प्रत्येकाचा उंदीर पंपघरापाशी जायचा. नेमका त्या जागी. तिथे थबकायचा. मग खेळणारा माणूस हळूच मान वळवून मोडकसाहेबांकडे बघायचा, आणि उंदीर माघारी फिरायचा. चेतनचा उंदीर तर भिंतीला नाक लावून उभा होता. एक बटण दाबलं असतं तर पार झाला असता. चेतनने मोडकसाहेबांकडे बघितलं, घसा खाकरला, आणि "इथे तर भिंत आहे, ऑफ कोर्स," असं मोठ्याने म्हणून उंदीर स्वखुशीने मांजराच्या तोंडी दिला.

सगळ्यांना वाट ठाऊक होती. पण सचिवांसमोर त्या वाटेला जाणार कोण?

मिसळ संपत आली. कुजबुज सुरू झाली. "पेढा भिंतीबाहेर ठेवलाय, चुकलंच ते." "बाईंना जमलं नाही." चेतन म्हणाला, "सिंपल आहे, बग आहे लेव्हलमध्ये." करंदीकर बाई प्रेमाने म्हणाल्या, "अगं, होतं असं. हौस म्हणून केलंस ना, झालं तर मग." हौस म्हणून! तनुजाबाईंच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. राकेशरावांनी खिशातून फोन काढला. तनुजाबाईंना वाटलं, उठावं आणि सांगून टाकावं, तिथे वाट आहे, तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. पण बनवणाऱ्याने वाट सांगितली की लेव्हल मेली. त्या पदराचं टोक पिळत बसून राहिल्या.

तेवढ्यात मोडकसाहेब उठले. "मी समारोप करतो," असं म्हणून ते टीव्हीपुढच्या खुर्चीत बसले. ही पातळी सुटत नाही, हे संस्थेच्या वतीने अधिकृतपणे सिद्ध करून कार्यक्रम संपवायचा, असा त्यांचा विचार होता. त्यांनी उंदीर शिस्तीत चालवला. प्रत्येक पेढा रांगेने खाल्ला. त्या प्रत्येक पेढ्याला त्यांचा हात जरा जास्तच आत्मीयतेने बटणावर पडत होता, पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

शेवटचा पेढा उरला. टाकीखालून मांजर निघालं.

"अहो, मांजर!" मागून मोडककाकू ओरडल्या.

मोडकसाहेब दचकले.

"अहो, बघताय काय, पळा!"

माणूस घाबरला की विचार करत नाही. सवय त्याला पळवते. मोडकसाहेबांचा उंदीर जिन्याला वळला, आंबा डावीकडे टाकून पंपघराच्या आडोशाला शिरला आणि कुठेही न थांबता, कुठेही न चाचपडता, भिंतीतून सरळ आरपार गेला. पलीकडे जाऊन त्याने शेवटचा पेढा खाल्ला. फाटक उघडलं. जुन्या कॉम्प्युटरच्या पोटातून टिंगटिंग करत विजयाची धून वाजली.

पार्किंगमध्ये एवढी शांतता कधी झाली नव्हती. राष्ट्रगीतालासुद्धा.

मग तात्याराव म्हणाले, "सायेब, रोजच्या वाटंला पाय आपसूक वळत्यात बघा."

"रोजच्या?" मोडककाकू उभ्या राहिल्या. "रोजच्या म्हणजे?"

"न्हाई, म्हंजी..." तात्यारावांनी करंदीकर बाईंकडे बघितलं, करंदीकर बाईंनी चेतनकडे, आणि चेतनने, बिचाऱ्याच्या तोंडून निसटलंच, "काकू, काका जिलबीच्या रांगेत नेहमी माझ्या पुढेच असतात."

"पंपाची पाहणी!" मोडककाकू म्हणाल्या. फक्त एवढंच. पण त्या दोन शब्दांत मागच्या कित्येक संध्याकाळी होत्या, टॉर्च होता, आणि रुमाल होता.

मोडकसाहेबांनी खुर्चीतच पाठ ताठ केली. "गायकवाड बाई," ते म्हणाले, "सभेने मंजूर केलेल्या भिंतीत हे..."

"मंजूर केल्याप्रमाणेच आहे, साहेब," तनुजाबाई म्हणाल्या. "बंदच आहे. चालून बघितल्याशिवाय कोणाला कळत नाही."

पहिल्यांदा हसल्या त्या मोडककाकू. रागाने भरलेल्या माणसाला हसू फुटलं की ते आवरत नाही. त्या खुर्चीच्या पाठीला धरून हसल्या, आणि मग सबंध मधुगंध हसली. करंदीकर बाई डोळे पुसत म्हणाल्या, "मीही तिथूनच जाते हो, भाजी आणायला!" "मी पण!" "आम्ही पण!" आणि मग लोकांनी उंदरासाठी जी झुंबड उडवली, ती आवरायला मोडकसाहेबांनाच शिट्टी वाजवावी लागली. जो तो येऊन भिंतीतून आरपार जात होता आणि दर वेळी तितक्याच आनंदाने टाळ्या पडत होत्या, जणू पलीकडे खरंच पेढे वाटत होते.

त्या गोंधळात राकेशराव बाजूला जाऊन फोनवर बोलताना तनुजाबाईंना ऐकू आले. "अरे, नको पाठवूस. जागा नाही रे. नाही, कोपरा आहे, पण तो हिचा आहे." मग थोडं थांबून, जरा मोठ्याने, "साईनाथदादांना सांग भेटले तर. म्हणावं, अडवलं. अख्ख्या सोसायटीला अडवलं."

पुढच्याच सभेत भिंतीचा ठराव रद्द झाला आणि भगदाडाच्या जागी रीतसर लोखंडी दार बसलं. सगळ्यांना एकेक किल्ली मिळाली. मोडकांच्या घरची किल्ली काकूंच्या मंगळसूत्राशेजारी, साखळीत असते.

त्यामुळे आता संध्याकाळ झाली की मोडकसाहेब टॉर्च न घेता गायकवाडांकडे येतात. "नवी पातळी कुठवर आली, पाहणी करावी म्हटलं," असं दारातूनच म्हणतात. तनुजाबाई पंप बंद आहे ना, एवढं विचारतात आणि टेप लावतात. मग मोडकसाहेब खिडकीच्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून उंदीर चालवतात, आंब्याखालून, पंपघरामागून, भिंतीतून पलीकडे. शेवटचा पेढा खाऊन झाला की ते क्षणभर डोळे मिटतात, खिशातून रुमाल काढतात आणि सावकाश मिशा पुसतात.